सेलकर्कच्या खिंडीत

चिलीची राजधानी सान्तियागोच्या छोट्या विमानतळावर आधी माझी बॅग काट्यावर ठेवली आणि मग मलाही उभं केलं. रॉबिन्सन क्रूसो बेटावर जाणारं विमान इवलंसं, त्यामुळे सामान साधारण दहा किलोच. तिकीट काढतानाच नेमकी मर्यादा विचारून घ्या. मी चिवड्याचं मोठं पाकीट नेता यावं म्हणून एक जीन्स मागे ठेवली. त्या निर्णयाचा मला अजून अभिमान आहे.

चिलीच्या किनाऱ्यापासून सुमारे ६७० किलोमीटरवर पॅसिफिकमध्ये हे बेट आहे. अलेक्झांडर सेलकर्क हा स्कॉटिश खलाशी १७०४ साली इथे एकटा उतरला, तेव्हा जेमतेम अठ्ठावीस वर्षांचा होता. आपलं जहाज सडलंय, बुडणार, म्हणून तो कप्तानाशी भांडला. 'मग मला इथेच सोडा' म्हणाला आणि होडी परत निघाल्यावर घाबरून विनवण्या करू लागला. कप्तान ऐकेना. जहाज पुढे खरंच बुडालं, पण ते याला कळणार कसं? बेटाचं मूळ नाव मास आ तिएरा. १९६६ साली सरकारने ते बदलून रॉबिन्सन क्रूसो, म्हणजे याच्यावरून सुचली असं म्हणतात त्या डॅनियल डीफोच्या गोष्टीतल्या माणसाचं नाव दिलं. सेलकर्कचं नाव दिलं पश्चिमेकडच्या दुसऱ्याच बेटाला, जिथे बिचाऱ्याने कधी पाऊलही ठेवलं नव्हतं!

दोन-अडीच तासांनी विमान बेटाच्या उजाड, कोरड्या टोकाला उतरतं. गाव दुसरीकडे आहे, सान हुआन बाउतिस्ता, आणि तिथपर्यंत होडीने तासाभराहून जास्त लागतो. धक्क्याजवळ सील लोळत असतात, बाळं रडल्यासारखे आवाज काढत. लांबूनच बघा. आणि उलटीची गोळी विमानातच घ्या. मी होडीत बसल्यावर घेतली, ती पाचव्या मिनिटाला समुद्रार्पण झाली.

सेलकर्कच्या खिंडीची वाट गावातूनच वर जाते. चढ साडेपाचशे मीटरच्या वर, मला पावणेदोन तास लागले. सकाळी लवकर निघा, दुपारी ढग खाली उतरतात. सुरुवातीला बाहेरून आलेली काटेरी जाळी नि झुडपं लागतात. इथल्या मूळ झाडांना त्यांनी पार जेरीस आणलंय, म्हणून बुटांच्या तळाला चिकटलेल्या बिया मुंबईतूनच घासून या. मग अचानक जंगल बदलतं. नेचे येतात, आणि अळूची पानं कुणीतरी छत्रीएवढी वाढवावीत तशी पानं. इथेच विटकरी रंगाचा एक हमिंगबर्ड भुर्रकन तोंडासमोरून गेला. जगात तो फक्त या बेटावर आहे.

वर पोचल्यावर दोन्ही बाजूंना समुद्र दिसतो. १८६८ साली 'टोपाझ' या ब्रिटिश युद्धनौकेच्या लोकांनी लावलेली सेलकर्कच्या नावाची पाटी इथे आहे. तो गलबतं शोधायला इथे चढायचा असं सांगतात. जीव मुठीत धरून जगणारा माणूस शोधत मी आलो होतो, पण त्याच्या पोटाची ददात फारशी नव्हतीच. पाचशे बोकड-शेळ्या मारल्याचा हिशेब त्याने ठेवला होता, शिवाय तितक्याच पकडून, कानावर खूण करून सोडून दिल्या. सलगम होते, शेवंडं होती. मिठाशिवाय मासे मात्र पोटाला मानवत नसत. रात्री उंदीर पाय कुरतडायचे, म्हणून त्याने मांजरं माणसाळवली. बंदुकीची दारू संपल्यावर तो शेळ्यांच्या मागे धावून त्यांना पकडू लागला. एकदा तर शेळीसकट कड्यावरून पडला आणि दिवसभर निपचित होता.

खरा जाच खिंडीत होता. शीड दिसलं की आनंद नाही, आधी धडधड: आपल्या इंग्रजांचं की शत्रूचं, स्पॅनिश? एकदा स्पॅनिश लोक उतरले, त्यांनी गोळ्या झाडल्या. हा झाडावर लपला, तर ते त्याच झाडाखाली लघवीला उभे राहिले. वूड्स रॉजर्स या इंग्रज कप्तानाच्या जहाजाने फेब्रुवारी १७०९ मध्ये, चार वर्षं चार महिन्यांनी, त्याला उचललं तेव्हा तो शब्द अर्धे अर्धे बोलत होता. पहिले आठ महिने फार जड गेले, असं त्यानेच रॉजर्सला सांगितलं.

मी तिथे एकटा तासभर बसलो. फोनला रेंज नाही. चाळीसाव्या मिनिटाला मी त्या पक्ष्याशी मराठीत बोलायला लागलो, हे इथे कबूल करून टाकतो.

ऑक्टोबर ते एप्रिल हा काळ बरा, एरवी पाऊस फार. शेवंडांचा हंगामही ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंतच. शाकाहारी मंडळींनी भात, ब्रेड यांवर दिवस काढायची तयारी ठेवावी. बराचसा भाजीपाला जहाजाने येतो, त्यामुळे महाग. माझं चिवड्याचं पाकीट इथेच सार्थकी लागलं. पैसे रोख न्या. स्पॅनिशची दहा-बारा वाक्यं पाठ करा. आणि राहायच्या जागेतून उंचावर जाणारी वाट पहिल्याच संध्याकाळी चालून बघा. २७ फेब्रुवारी २०१० च्या पहाटे त्सुनामीने गावाचा खालचा भाग वाहून नेला आणि माणसं गेली. स्थानिक लोक त्याबद्दल फार बोलत नाहीत, मीही विचारलं नाही.

परतीचं विमान वाऱ्यामुळे दोन दिवस आलंच नाही. पुढचं तिकीट सैल ठेवा, निदान तीन दिवसांचं अंतर हवं. मी दोन्ही दिवस पुन्हा खिंडीत चढलो. तिसऱ्या दिवशी सकाळी घरमालकीण बाई दारातून ओरडल्या, "आविओन!" म्हणजे विमान. चहा तसाच टाकून धक्क्याकडे पळालो. होडी निघाल्यावर आठवलं, गोळी घ्यायची पुन्हा राहिली.