उनकेश्वर: पैनगंगेकाठचं ऊन पाणी

गरम पाण्याचे झरे म्हटलं की आपली माणसं सरळ कोकणाकडे वळतात. वज्रेश्वरी, तुरळ, राजवाडी, उन्हवरे. मराठवाड्यातही असं काही आहे, यावर माझ्या संभाजीनगरच्या मैत्रिणींचाच विश्वास बसेना. आहे तर! नांदेड जिल्ह्याच्या पार टोकाला, किनवट तालुक्यात, पैनगंगेच्या काठी: उनकेश्वर.

नंदीग्राम एक्सप्रेसनं किनवट, तिथून पुढे जीप. मराठवाडा म्हणजे उघडेबोडके माळ आणि टँकर, ही समजूत या रस्त्यावर पार मोडते. दोन्ही बाजूंना सागाचं रान. जानेवारीत पानगळ लागलेली, ताटाएवढी वाळकी पानं रस्त्यावर पसरलेली. मध्येच बंजाऱ्यांचा तांडा, आत कुठेतरी कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे पाडे. जीपमध्ये आदिलाबादकडची एक म्हातारी होती. तेलुगूत सुनेला रागवायची आणि मराठीत ड्रायव्हरला.

पहाटे कुंडावर गेले तेव्हा पाण्यावर वाफ तरंगत होती. जंगलातला मोकळा झरा मनात धरून येणाऱ्यांनी आधीच ऐकून ठेवा: झरा दगडी कुंडात बांधून घेतलेला आहे, शेजारी महादेवाचं जुनं देऊळ. फोटोसाठी फार काही नाही. पण काठावर बसून तळाकडे बघत राहिलं की बुडबुड्यांच्या बारीक माळा वर येताना दिसतात. एक थांबते, तोवर वीतभर अंतरावर दुसरी सुरू होते. गंधकाचा वास आधी नाकाला झोंबतो, मग त्याची सवय होते.

बायका एका कडेला होत्या. मी पायरीवर पाय ठेवताच एका आजीनं हटकलं, "येकदम उतरू नको माय. आधी पाय सोड, मंग अंगावर घे." पाय सोडले. पोटऱ्यांपर्यंत चटका, घोट्यांवर लाल वळ, आणि जरा वेळानं सगळं अंग सैल. आजीनं पाण्यात उतरण्याआधी चांदीच्या तोरड्या काढून पदराच्या गाठीत बांधल्या होत्या. का, ते शेजारणीच्या पायात दिसलं: तिचे पैंजण काळे ठिक्कर पडले होते. गंधक चांदीला सोडत नाही.

आजी गुडघ्यांसाठी आली होती. शेजारच्या मुलीच्या कोपरांवर खवले आलेले होते आणि तिची आई ओंजळीनं त्यावर पाणी सोडत होती, न बोलता. इथे बहुतेक जण असेच येतात, कातडीच्या दुखण्यासाठी. मुक्काम ठोकून रोज आंघोळ करणारेही आहेत. पाण्यानं खाज उतरते, सांधे मोकळे होतात, हे त्यांच्या तोंडून ऐकलं. डॉक्टरांचं औषध बंद करून यावं, असं मात्र मी कुणालाच सांगणार नाही.

पाणी गरम का, याचं उत्तर देवळात वेगळं मिळतं. शरभंग ऋषींना त्वचारोग जडला, रामानं बाण मारून ऊन पाणी काढलं, ऋषी बरे झाले. वाल्मीकींच्या अरण्यकांडात शरभंग रामाला भेटून अग्नीत प्रवेश करतात. बाण नाही, कुंड नाही. गंमत म्हणजे खानदेशातल्या उनपदेवलाही हेच ऋषी आणि हाच बाण सांगतात. भूशास्त्राची कथा यापेक्षा संथ आहे. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खोल मुरतं. दर किलोमीटर खोलीला जमिनीचं तापमान साधारण 25 ते 30 अंशांनी वाढतं. तापलेलं पाणी एखाद्या मोठ्या भेगेतून वर येतं. ज्वालामुखीचा इथे संबंध नाही. दख्खनचा लाव्हा 6 कोटी वर्षांहून आधीच थंड झालाय. मला दोन्ही कथा आवडतात, पण त्या बुडबुड्यांकडे बघताना दुसरी जास्त भारी वाटली.

एक गोष्ट खटकली: शाम्पूच्या पुड्या. पायरीच्या फटीफटीत कोंबलेल्या. गरम पाणी फुकट मिळतंय म्हणून डोकं धुऊन घ्यायचं, कपडेही आपटायचे. साबण बाहेर ठेवा, एवढं जरी पाळलं तरी पुष्कळ.

तिथून नदीवर गेले. पैनगंगा या दिवसांत आखडलेली, पाणी हाडं गोठवणारं. पलीकडे यवतमाळ, म्हणजे विदर्भ.

यायचं तर थंडीत या. एप्रिल-मेमध्ये इथल्या उन्हात गरम कुंडात कोण उतरणार? परतीची जीप भरल्याशिवाय हलत नाही, तोवर टपरीवर भजी खाऊन घ्या. पुढे माहूरला रेणुकामातेकडे जायचं असेल, तर दुपारच्या आत निघा. रानातला रस्ता, अंधार करू नका.