चित्र घ्यायचं तर आधी उलटं करून बघा

गोव्यात जुन्या घरातलं सामान विकायला निघालं की त्यात एखादं चित्र असतंच, आणि ते 'सूझाचं' असल्याची विकणाऱ्याला पक्की खात्री असते. चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा 1924 साली साळगावात जन्मले, आयुष्यभर त्यांनी ढिगांनी रेखाटनं केली आणि त्यांच्या 'बर्थ' या 1955 च्या चित्राला 2015 च्या लिलावात 40 लाख डॉलरच्या वर भाव मिळाला. त्यांची ती जाड काळी रेघ नकला करणाऱ्यांना सोपी वाटते. म्हणून पुढून बघत बसण्याआधी चित्र उतरवा आणि मऊ कापडावर पालथं ठेवा. रंगाचे पोपडे सुटत असतील किंवा काम पेस्टलचं असेल तर मात्र पालथं घालू नका, भिंतीला टेकवून मागे जा.

कॅनव्हास पन्नास वर्षं टांगलेला असेल तर मागून सगळीकडे सारखा तपकिरी दिसत नाही. लाकडी चौकटीखाली झाकलेला भाग फिकट राहतो. एकसारखा चहाचा रंग दिसला तर तो बहुधा चहाच. इथल्या खाऱ्या हवेत जुने खिळे गंजतात आणि कापडावर डाग सोडतात. 1950 चं म्हणून दाखवलेलं चित्र चकचकीत स्टेपलांनी ठोकलेलं असेल तर ते निदान एकदा उतरवून पुन्हा ताणलंय. त्याने ते खोटं ठरत नाही, पण कधी आणि का ताणलं याचं उत्तर मिळालं पाहिजे.

मग लेबलं आणि शिक्के. सहा आकडी पिनकोड ऑगस्ट 1972 पासून आला. 'गोवा राज्य' 30 मे 1987 नंतरचं, त्याआधी गोवा, दमण आणि दीव हा केंद्रशासित प्रदेश होता. 1965 च्या प्रदर्शनाच्या लेबलावर पिनकोड छापलेला असेल तर पुढे बोलायचं कारण नाही. फ्रेमवाल्याचं लेबल नंतरचं असू शकतं, ते वेगळं.

वासुदेव गायतोंडे यांच्या बाबतीत तर पाठच महत्त्वाची. जन्म नागपूरचा, घराणं गोव्याचं. पुढे त्यांच्या अनेक चित्रांवर समोर सही नसते, मागे देवनागरीत असते. असा कॅनव्हास मजबुतीसाठी मागून दुसऱ्या कापडाला चिकटवला की सही कायमची झाकली जाते. चिकटवण्याआधीचे फोटो आहेत का ते विचारा. नसतील तर भाव त्याप्रमाणे उतरवा.

पुढची बाजू तपासायला दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि यूव्ही टॉर्च पुरते. भिंगाखाली रंगीत ठिपके दिसले तर ती छपाई, वरून ब्रशने चार फटकारे मारले असले तरी. टॉर्चखाली कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात चकाकी आणणारी रसायनं आहेत. 1940 च्या रेखाटनाचा कागद असा चमकता कामा नये. पण इथे घाई नको. सूझांनी मासिकांच्या छापील पानांवर रसायनाने शाई विरघळवून चित्रं केली आहेत, त्यात छपाईचे ठिपके असणारच.

चित्र खरं निघालं तरी विकणारा त्याचा मालक आहे का? गोव्याच्या वारसा कायद्याप्रमाणे इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वारसांत वाटणी, झालेली नसेल, तर आजोबांच्या भिंतीवरचं चित्र सगळ्या वारसांचं असतं. पावतीवर सगळ्यांच्या सह्या घ्या. लिस्बनमधल्या चुलत भावाची सहीसुद्धा. आज टाळलेली ही कटकट लिलावाच्या वेळी हमखास उभी राहते.

आता पावसाळा. नावाजलेल्या लक्ष्मण पैंचं असो की पणजीत आल्तिनोच्या कला महाविद्यालयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलीचं, जून ते सप्टेंबर सगळी चित्रं सारखीच भिजतात. खोलीतली आर्द्रता 65–70 टक्क्यांच्या वर दिवसेंदिवस राहिली की बुरशी येते. छोटा डिजिटल आर्द्रतामापक लावा आणि 45 ते 60 च्या दरम्यान ठेवायचा प्रयत्न करा. डिह्युमिडिफायर खिडक्या उघड्या ठेवून चालवणं म्हणजे अख्खी मांडवी वाळवणं. फक्त रात्री एसी लावणं त्याहून वाईट: कापड रोज ढिलं पडतं, रोज ताणतं, रंग तितका लवचीक नसतो, म्हणून तडे जातात.

चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीवर चित्र टांगूच नका, ती पावसात आतून ओली असते. आतल्या भिंतीवरही फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना एक-दीड सेंटिमीटरचे कॉर्कचे तुकडे लावा, मागून हवा खेळते. कागदावरचं काम काचेला टेकता कामा नये. ओल धरली की कागद काचेला चिकटतो आणि सोडवताना रंग काचेवर राहतो. मधे 3–4 मिलिमीटरचा आम्लमुक्त माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, हवा. फ्रेमवाला सवयीने हार्डबोर्ड आणि सेलोटेप वापरेल. दोन्ही कागद पिवळा करतात. शिजवलेल्या खळीवर कसर येते. मागे पोकळ प्लॅस्टिकची सनपॅक शीट लावायला सांगा.

बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने पुसू नका, ती आत चोळली जाते. चित्र बाकीच्यांपासून वेगळं करा, कोरड्या खोलीत ठेवा, ऊन दाखवू नका. पुढचं काम संवर्धकाचं, म्हणजे जुनी चित्रं जपणाऱ्या तज्ज्ञाचं. चवथीच्या साफसफाईत घरचे मदत करायला निघतात, त्यांना आधीच बजावून ठेवा.

पैशाचं थोडक्यात. लिलावात बोली 1,00,000 ला थांबली आणि लिलावघर खरेदीदाराकडून बोलीवर घेतं ते प्रीमियम 20 टक्के धरलं तर देता 1,20,000, वर जीएसटी (चित्रांवर सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के). तेच चित्र विकायला काढलंत आणि कमिशन 10 टक्के असेल तर त्याच बोलीला हातात 90,000. कर सोडूनही मुद्दल सुटायला बोली 1,33,000 च्या पुढे जावी लागते. दोन-तीन वर्षांत पैसे लागणार असतील त्यांनी मुदत ठेव करावी. 24 महिन्यांनंतर विकलं तर नफ्यावर 12.5 टक्के दीर्घकालीन कर; घरातली वापरायची वस्तू म्हणून चित्राला सूट नाही, म्हणून खरेदीची पावती, फ्रेमिंगची बिलं आणि बँकेचा व्यवहार एकत्र फाइल करा. आणि होमस्टेच्या माहितीपत्रकावर ते चित्र छापायचं असेल तर चित्रकाराची लेखी परवानगी वेगळी घ्यावी लागते. कॅनव्हास तुमचा झाला तरी छापण्याचा हक्क त्याच्याकडेच राहतो.