पोटॅशच्या गोण्या अन मारुती आठशेचा सडका पत्रा

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आईला मामाकडे रावेरला सोडायला चाललो होतो, तर सावदा मागे पडल्यावर आई मागून म्हणे, "बापू, खालून झळ लागून राहिली रे पायाले." मी म्हटलं मे महिना आहे, बाहेर 44 डिग्री, गाडीला एसी नाही, झळ लागणारच ना. रावेरला उतरल्यावर तिनं चप्पल शोधायला मॅट उचललं आणि मला हाक मारली. खालची डांबरी सडक दिसत होती. दोन रुपयांच्या नाण्याएवढं भोक.

गाडी 2007 ची मारुती 800, पांढरी. 15 वर्षं झाली तेव्हा आरटीओत पुन्हा पाच वर्षांचं पासिंग करून घेतलं, ग्रीन टॅक्स भरला, रोज फैजपूर-भुसावळ येणं-जाणं तिच्यावरच. इंजिन अजून एका सेल्फमध्ये उठतं, त्यामुळे विकायचा विषयच नाही, विकली तरी भंगारवाला किती देईल ते माहीत आहे.

सगळे म्हणत होते आपल्याकडे कुठला गंज, गंज कोकणात चढतो, आपल्याकडे हवा कोरडी. बरोबरच आहे ते. मग गंज आला कुठून? मागच्या सीटखालचं फेल्ट ओढून काढलं तेव्हा समजलं. खाली पांढरी भुकटी साचून दगडासारखी झालेली. केळीला ड्रिपमधून सोडायचा पांढरा पोटॅश! दोन-तीन सीझन मी 50 किलोच्या गोण्या याच गाडीत मागे टाकून आणल्या, एखादी गोणी फाटली की झाडूनं वरवर लोटायचं आणि वर मॅट टाकायचं. हा पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराईड, मिठाचा सख्खा भाऊच. तो पावसाळ्यात ओल धरतो, ती ओल फेल्टमध्ये मुरते, आणि क्लोराईडच्या पाण्यात लोखंड साध्या पाण्यापेक्षा कितीतरी लवकर गंजतं. म्हणजे मी घरच्या घरी गाडीच्या पोटात कोकण तयार केलं होतं.

भुसावळच्या एका गॅरेजवाल्याने नऊ हजार सांगितले. मग म्हटलं जमतं का बघू.

आधी हातोडी घेऊन सगळा तळ ठोकून घेतला. पत्रा टणटण वाजला तर जिवंत, ढप्प वाजला तर मेला. स्क्रूड्रायव्हर टोचत गेलो तर नाण्याएवढं भोक तळहाताएवढं झालं, आणि ते होऊ द्यायचं, सडका पत्रा वाचवण्यात काही अर्थ नाही. जॅक लावायची जागा आणि दाराखालचा उंबरा मात्र टणटण वाजला म्हणून पुढे गेलो. तिथे ढप्प आवाज आला असता तर गुपचूप वेल्डिंगवाल्याकडे गेलो असतो, कारण गाडीचा भार त्या पत्र्यावर असतो, तिथे लांबी (पत्र्यावर भरायची पुट्टी) भरून वरून रंग मारणं म्हणजे स्वतःलाच फसवणं. आणि हो, नुसत्या जॅकवर गाडीखाली घुसू नका, मी स्टँड मागून आणले.

मग दोन बादल्या गोड पाण्यानं तळ धुतला. गंजलेली गाडी धुतोय म्हणून बायको हसत होती, पण मीठ तसंच ठेवून वर प्रायमर मारला तर आतून पुन्हा फुगतं. धुऊन दारं उघडी टाकून दोन दिवस उन्हात ठेवली. खान्देशाचं ऊन फुकटची भट्टी आहे, तेवढा तरी फायदा.

ग्राइंडरला वायरचा कप ब्रश लावून चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासलं (चष्मा घालाच, एक तार माझ्या शर्टात घुसली), खड्ड्यांत उरलेल्या गंजावर रस्ट कन्व्हर्टर लावलं. त्यात फॉस्फोरिक ॲसिड असतं, तांबडा गंज बघता बघता काळा पडतो. मग रेड ऑक्साइड प्रायमरचे दोन हात, तेही सकाळी सहाला, कारण दुपारी ब्रशवरच सुकतं.

ठिगळासाठी पत्रा कूलरवाल्याकडून आणला. उन्हाळ्यात त्याच्याकडे जीआय (जस्ताचा मुलामा असलेल्या) पत्र्याचे तुकडे ढीगभर पडलेले असतात, साठ रुपयांत हवा तो कापून दिला. भोकापेक्षा चारी बाजूंनी इंचभर मोठा, खाली पीयू सीलंट (फट बुजवणारा रबरासारखा चिकट मसाला), आणि कडेनं रिव्हेट. ड्रिल मारण्याआधी गाडीखाली वाकून बघा, ब्रेकचा आणि पेट्रोलचा पाइप तिथूनच जातो.

खरी फजिती दाराच्या खालच्या कडेला झाली. तिथे दोन वर्षांपूर्वी मीच गंजावर डायरेक्ट लांबी मारली होती, ती आता पापडासारखी सुटून आली. सगळी खरवडली, नव्या लांबीत पाकिटावर लिहिलंय तेवढा हार्डनर टाकला आणि पट्टीवरच तिचा दगड झाला, दोन मिनिटंही नाही मिळाली. शेजारचा भो कंपाउंडवरून वाकून बघतोय, "हाई काय शे भो, पुरणपोळी का?" नंतर लिंबाएवढ्या गोळ्याला हरभऱ्यापेक्षाही कमी हार्डनर घेतला आणि संध्याकाळी काम केलं, तेव्हा जमलं. घासताना पॉलिश पेपर कोरडाच वापरा, लांबी पाणी पिते.

आणि दार कुजलं का, तेही सापडलं. दार उघडलं की आत डुचमळायचं, मला वाटायचं काचेचं काहीतरी सैल झालंय. दाराच्या तळाला पाणी निघायला बारीक होल असतात, ते काळ्या मातीनं बुजलेले. सायकलच्या जुन्या आऱ्यानं टोचले तर भळाभळा पाणी आलं, मे महिन्यात! गाडी धुवायचो ते सगळं आतच साचत होतं.

एकूण खर्च 1620 रुपये, त्यात सगळ्यात महाग सीलंट, 320 चं. ग्राइंडर आणि रिव्हेट गन उसनी. पांढऱ्या स्प्रेचा शेड जुळला नाही, दाराखालची पट्टी नवी कोरी आणि वरची गाडी पिवळट, लांबून बघितलं तर धोतर नेसल्यासारखी दिसते.

मृगाचा पहिला पाऊस पडला त्या रात्री चारही मॅटखाली पेपर अंथरून ठेवले होते. सकाळी ठिगळावरचा पेपर कोरडा ठणठणीत. ड्रायव्हरच्या पायाखालचा मात्र ओला चिंब. टॉर्च घेऊन बघितलं तर क्लच केबल जिथून आत येते तिथला रबर चिरलाय. भुसावळला दोन दुकानं पालथी घातली, नाही मिळाला. जळगावला कोणाला ठाऊक असेल तर सांगा, तोवर एम-सील लावून ठेवलंय.