वचन पाठ करायचंय? मग चाल वचनातूनच काढा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत पेटी-तबला नाही असं क्वचितच. त्यामुळे संडे स्कूलच्या मुलांना शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, वचन पाठ करायला द्यायचं म्हटलं की कुणीतरी लगेच ओळखीच्या भजनाची चाल धरतं. वचन त्या चालीत बसत नाही. मग एक शब्द गळतो, एक ‘रे’ घुसतो, यमकासाठी क्रियापद मागचं पुढे येतं. मुलं झकास गातात, पण पाठ होतं ते शास्त्रातलं वचन नसतं, त्याच्यासारखं दुसरंच काहीतरी असतं. लहानपणी चुकीचं बसलेलं वचन पुढे सुधारायला फार जड जातं, म्हणून सुरुवातीलाच जपायला हवं.

पद्यरचना आणि पाठांतर ही दोन वेगळी कामं आहेत. गोव्यातले मिशनरी फादर स्टीफन्स यांनी 1616 साली ‘ख्रिस्तपुराण’ ओव्यांत आणलं, पुढे कवी ना. वा. टिळकांनी अभंग आणि कीर्तन उपासनेत रुजवलं. हे धन मोठंच आहे, ते गायलाच हवं. पण मोठ्या अभंगाला 6-6-6-4 अशी अक्षरं लागतात आणि शास्त्रातलं गद्य त्या मापाचं नाही. शब्दन् शब्द पाठ हवा असेल तर वचनाचं माप घेऊन चाल बेतावी लागते.

बायबलच्या स्तोत्रसंहितेतल्या स्तोत्र 23 चं पहिलंच वचन घ्या: ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही.’ जोडाक्षर एक धरून पहिल्या भागात 13 अक्षरं, दुसऱ्यात 12. आठ मात्रांचा केरवा किंवा भजनी ठेका धरा आणि एका मात्रेवर एकच अक्षर ठेवा. ‘परमेश्वर माझा’ ही 7 अक्षरं, आठवी मात्रा मोकळी. ‘मेंढपाळ आहे’ 6 अक्षरं, दोन मात्रा मोकळ्या. ‘मला काही उणे’ 6 आणि ‘पडणार नाही’ 6, दोन्हींनंतर दोन-दोन मात्रा मोकळ्या. आठ मात्रांची एक फेरी म्हणजे एक आवर्तन; अशा चार आवर्तनांत वचन पूर्ण, एक अक्षरही ताणावं लागलं नाही. मोकळ्या मात्रा म्हणजे श्वासाच्या जागा, त्या भरायला जाऊ नका. ‘माझा’नंतरची एक मात्रा खाल्ली की ‘में’ आठव्या मात्रेवर येतो, सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, ‘ढ’वर पडते आणि शब्द मधोमध तुटतो. मुलं गडबडतात ती बहुधा अशाच जागी, आणि आपण म्हणतो त्यांचं लक्ष नाही!

वचनाचा पत्ता, म्हणजे अध्याय आणि वचन यांचे आकडे, तोही गाण्यातच हवा. ‘तेवीस-एक’ ही पाच अक्षरं, पुढे तीन मात्रा विश्रांती, झालं एक आवर्तन. या स्तोत्रात सहाच वचनं आहेत आणि एक ते सहा हे सगळे आकडे दोन अक्षरी, त्यामुळे पत्त्याची ओळ शेवटपर्यंत तीच राहते. मत्तयच्या शुभवर्तमानातल्या ‘मत्तय पाच तीन’ला सात अक्षरं होतात, तेही आवर्तनात बसतं. पत्ता न गाता शिकवलं तर पुढे ‘चौथं वचन म्हण’ म्हटल्यावर मूल पहिल्यापासून सुरू करतं. मधूनच उचलता येत नाही.

चाल साधी ठेवा. सा ते प एवढ्यातच फिरवा, फार तर खालचा नी घ्या. पेटीवर सा म्हणून पांढरी दोन किंवा तीन पट्टी धरली की बायका-मुलं वरच्या सप्तकात आणि पुरुष खालच्या सप्तकात न ओढता गातात. तान, मुरकी, आलाप काही नको. सिनेमाच्या गाण्याची चाल तर नकोच, मूळचे शब्द मध्येच तोंडात येतात. लय मिनिटाला 80 मात्रांपासून सुरू करा. पत्त्यासकट पाच आवर्तनं, म्हणजे 40 मात्रा, अर्ध्या मिनिटात होतात. तोंडात बसलं की 120 पर्यंत न्या.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. घरी मराठी, शाळा कन्नड माध्यमाची, त्यामुळे अनेक मुलांना देवनागरी अडखळत वाचावी लागते. मग वचन कन्नड लिपीत लिहून दिलं जातं. तसं देण्यात गैर काही नाही, पण आपल्या च, ज, झ चे दोन-दोन उच्चार त्या लिपीत वेगळे दाखवता येत नाहीत. ‘माझा’ वाचताना ‘माझ्या’च्या जवळ जातं. म्हणून आधी कानाने शिकवा, कागद नंतर द्या. शिकवणाऱ्याने एकदा न गाता सरळ बोलून दाखवावं, ‘उणे’सारख्या शब्दाचा अर्थ सांगावा, मग चाल. तेच स्तोत्र कन्नडमध्येही शिकवायचं असेल तर त्याला वेगळी चाल लावा. अक्षरांचं माप तर वेगळं असतंच, शिवाय एकाच चालीवर दोन भाषा घातल्या की एकीतलं दुसरीत घुसतं. हाच नियम अध्यायांनाही लागू: लागोपाठच्या दोन स्तोत्रांना एक चाल लावू नका. आणि मंडळीत शास्त्राची एकच आवृत्ती ठरवा, शब्द बदलले की मोजलेली अक्षरं बिघडतात.

सगळंच काही ठेक्यात बसत नाही. नव्या करारातल्या पौलाच्या पत्रांतली लांबलचक वाक्यं केरव्यात कोंबली की अर्थ हरवतो. ती एकाच स्वरावर, बोलण्याच्या गतीने म्हणा, स्वल्पविरामाला थोडं थांबा, वाक्याच्या शेवटची दोन-तीन अक्षरं सा वर उतरवा. याला तबला नकोच. उलट स्तोत्र 136 भजनी मंडळासाठीच लिहिल्यासारखं आहे: 26 वचनं, प्रत्येकाचा शेवटचा अर्धा भाग तोच. बुवाने पहिला भाग म्हणावा, बाकीच्यांनी दुसरा. धोका एवढाच की ध्रुवपद सगळ्यांना येतं आणि वचनांचा क्रम कुणालाच येत नाही. 9 पर्यंत सृष्टी, 10 पासून मिसरातून (इजिप्तमधून) सुटका आणि पुढचा प्रवास, 23 पासून पुन्हा आपल्याकडे वळलेलं बोलणं. या दोन वळणांवर चाल थोडी बदला, क्रम आपोआप धरला जातो.

शेवटी चाल काढून घ्यायची, हे काम मात्र बहुतेक ठिकाणी राहूनच जातं. आधी पेटी बंद, मग तबला, मग नुसत्या टाळ्या, मग सरळ बोलणं, मग कागदावर लिहिणं. लिहिताना मूल मनात गुणगुणत असेल तर गुणगुणू द्या. आज शिकवलेलं उद्या, मग तीन दिवसांनी, आठवड्याने, महिन्याने विचारा, आणि दर वेळी आधी बोलायला लावा, अडलं तरच चाल द्या. फक्त रविवारीच भेट होत असेल तर मिनिटभराचं रेकॉर्डिंग पालकांच्या व्हॉट्सॲपवर टाका: आधी नुसतं बोललेलं, मग गायलेलं, पेटी हळू आणि शब्द मोठ्याने.