काही करत नाही हो तो!

"काही करत नाही हो तो!" काका लांबूनच ओरडले, हातात नुसताच पट्टा. तोवर त्यांचा लॅब्रॅडॉर घसरगुंडीपाशी पोहोचला होता आणि एक चिमुरडा आईच्या ओढणीत शिरला होता.

कुत्रा खरंच गुणी होता. पण आपल्या गुडघ्याशी येणारं ते तोंड, दात, लोंबणारी जीभ, सगळं त्या पोराच्या डोळ्यांसमोर असतं. हे कुणी लक्षातच घेत नाही.

तेवढ्यात सात-आठ वर्षांची एक मुलगी पुढे आली. "काका, त्याला हात लावलेला चालेल का?"

काका हो म्हणाले तरी तिनं लगेच डोक्यावर हात ठेवला नाही. बाजूला उभी राहिली, मूठ खाली धरली, त्याला हुंगू दिलं, मग छातीपाशी खाजवलं. त्यानं मान फिरवून ओठ चाटले, तशी थांबली. (ही अस्वस्थपणाची खूण असू शकते. आणि शेपूट हलतेय म्हणजे स्वारी खूशच, असंही नसतं बरं का.) तिला ज्यांनी कुणी शिकवलं, त्यांना सलाम.

एवढं मोठं उद्यान, पळायला हवी तेवढी जागा. तरी पट्टा नेमका खेळण्यांपाशीच का सुटतो?