एका रकान्यात मावेल तेवढं

भाचीचा मुलगा यंदा अमेरिकेत सरकारी शाळेत जाणार. तिनं प्रवेशाचा फॉर्म मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. मी कोल्हापुरात सरकारी शाळेत जन्मभर जनरल रजिस्टर, म्हणजे पोरांच्या नोंदींची वही, भरलं, त्यामुळं मावशीला फॉर्म कळतात असा घरात समज आहे.

पहिला प्रश्न, मूल हिस्पॅनिक (म्हणजे मेक्सिकोसारख्या स्पॅनिश बोलणाऱ्या मुलखातल्या घराण्याचं) आहे का? दुसरा, वंश कोणता? गोरे, काळे, आशियाई, अमेरिकन इंडियन (म्हणजे तिथले मूळ रहिवासी, आपण नव्हे), पॅसिफिक बेटांवरचे. लागू असतील तेवढ्या खुणा करा. जावई मेक्सिकन घराण्यातला, म्हणून तिनं पहिल्याला 'हो' केलं आणि दुसऱ्यात 'आशियाई'. गंमत पुढं आहे. आकडे वर पाठवताना असं मूल फक्त हिस्पॅनिकमध्ये धरतात. आशियाईची खूण शाळेच्या दप्तरात राहते, टक्केवारीत येत नाही. आणि पालकांनी काहीच भरलं नाही तर शाळेतला माणूस मुलाकडं बघून ठरवतो!

दाजी उखडले. "म्हंजे आमच्या नातवात कोल्हापूर कुठंच न्हाई?"

म्हटलं, दाजी, आपल्याकडं आंतरजातीय लग्नातल्या पोराच्या दाखल्यावर आईची जात कुठं दिसते? बापाची लिहायची आणि पुढच्या पोराला हाक मारायची. मीच लिहिल्यात. शिरोलीच्या फौंड्रीत कामाला आलेल्या बिहारी कामगाराचं पोर आलं की आणखी घोळ. तिकडं तो ओबीसी, पण प्रत्येक राज्याची यादी वेगळी. इथं त्याला सवलत नाही. बाप दारात उभा राहून विचारायचा, "मॅडम, फिर क्या लिखा?"

तरी मोजूच नये असं मला वाटत नाही. 1894 मध्ये शाहू महाराज गादीवर बसले तेव्हा दरबारच्या 71 अधिकाऱ्यांत 60 ब्राह्मण होते. हा आकडा समोर होता म्हणून 26 जुलै 1902 चा, सरकारी नोकऱ्यांत मागासलेल्यांसाठी 50 टक्के जागा राखायचा जाहीरनामा निघाला. पुढं 1917 ला सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, आणि 1919 ला अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून पोरं एकत्र बसवली. आता वेगळं बसवायला हुकूम लागत नाही, फी पुरते. एकाच गल्लीतलं एक पोर रिक्षानं इंग्लिश मीडियमला जातं, दुसरं चालत आमच्याकडं यायचं. वर्षअखेरीचा प्रवर्गवार तक्ता भरताना कोण आलं ते दिसायचं; रिक्षातून कोण गेलं ते आमच्या कागदावर नसायचंच.

फॉर्ममध्ये शेवटी घरी कुठली भाषा बोलता हेही विचारलंय. मराठी लिहिलं तर पोराची इंग्रजीची चाचणी घेतात म्हणे. भाची कचरत होती. म्हटलं, घेऊ देत की, लिही खुशाल. दाजींनी लगेच विचारलं, "तो आकडा छापतात का?"