पट्टी क्र. 31 : थर बसला एकदाचा

श्रावण लागल्यापासून गॅलरीतला आर्द्रतामापक 80 च्या खाली आलेला नाही. तरी रविवारी एकतिसाव्या काचपट्टीवर पेरोव्स्काइटचा (ठरावीक स्फटिकरचनेच्या पदार्थाचा) सलग सोनेरी थर बसला.

नव्यांसाठी: शिशाचा संकरित (सेंद्रिय-असेंद्रिय मिश्र) पेरोव्स्काइट मी घरात आणत नाही. 2009 साली जपानी संशोधक मियासाकांच्या गटाने 3.8 टक्के कार्यक्षमतेचा सौरघट केला तो शिशाचाच, पण ते काम प्रयोगशाळेतलं. माझा तांब्याचा, इथिलअमोनियम कॉपर क्लोराइड. तांबे-क्लोरीनचा पदर, त्यावर सेंद्रिय रेणूंचा, की पुन्हा तांब्याचा. (तांबंही पोटात जायचं नाही. हातमोजे घाला, भांडी वेगळी ठेवा.)

1.63 ग्रॅम इथिलअमाइन हायड्रोक्लोराइडला 1.70 ग्रॅम क्युप्रिक क्लोराइड, दोन्ही मिथेनॉलमध्ये. पहिलं मीठ भलतंच पाणीपिसं. बटरपेपरवर वजन होईतो त्याचा चिकट थेंब झाला. आता थेट बुचाच्या बाटलीतच मोजतो.

पट्टी गरगर फिरवून थेंब पातळ पसरवणारी फिरकी म्हणजे लॅमिंग्टन रोडवरून आणलेला कॉम्प्युटरचा पंखा, पाती छाटलेला. तीस पट्ट्यांवर दुधाळ धुकं आलं आणि मी महिनाभर वेगाला दोष देत बसलो. वेग कमी कर, जास्त कर, धुकं तसंच. मग एकदा फिरती पट्टी थांबवून मागून बोट लावलं, तर काच गारढोण! मिथेनॉल उडताना काचेची उष्णता घेऊन जातं. आपल्याकडे पावसाळ्यात दवबिंदू 25 अंशांच्या आसपास असतो, म्हणजे खोलीतली काच चार-पाच अंशांनी गार झाली तरी तिच्यावर दव धरतं. थरात पाणी आम्हीच घालत होतो.

उपाय साधा. जुनी इस्त्री उलटी बांधून तिच्यावर पट्टी 60 अंशांपर्यंत तापवायची, चटकन फिरकीवर ठेवायची, थेंब टाकायचा, वर सिलिका जेल लावलेला डबा पालथा घालायचा. शिवाय आईला विनंती: दहा मिनिटं कुकर नको. शिट्टी झाली की इथला आर्द्रतेचा आकडा चढतोच.

आधीच्या पट्ट्यांत ट्यूबलाइटचं प्रतिबिंब फुटायचं, यात एका रेषेत दिसलं. भिंगातून कण एकमेकांना चिकटून, मधे भोकं नाहीत. कडेला मात्र जाड वळ आहे, तो अजून जात नाही.

आज सकाळी पट्टीची डबी उघडली, तर चिमट्याने धरलेला कोपरा हिरवट पडलेला. गार चिमट्यापाशी ओल धरली असावी. बत्तिसावीला चिमटाही तापवून घेणार.